उचलून लावायचं दार

गाड्यांना हॉर्नशिवायही बोलता येत असे, त्या काळची ही गोष्ट. शोरूमच्या अंगणात एकाच नावाच्या दोन छोट्या गाड्या शेजारी उभ्या होत्या. थोरली सकाळीच नव्या गाडीच्या बदल्यात आलेली, धाकटी कोरी करकरीत.

"आजी, तुझ्यात ना एसी, ना एअरबॅग," धाकटी म्हणाली. "माणसं बसायची तरी कशी?"

"एकमेकांच्या मांडीवर. घाटात मी तापले, की सगळी उतरून भेळ खायची. मी गार झाले, की गाणी म्हणत पुढे."

"म्हणजे सगळे दोषच की!"

थोरलीला ते पटलं. खोटं काय होतं त्यात? तिचं उजवं दार तर कित्येक वर्षं लोंबत होतं, जरा वर उचलल्याशिवाय लागतच नसे.

तेवढ्यात तिच्या मालकीणबाई, विशाखाताई आल्या. थोरलीकडे बघायचं त्यांनी टाळलं. धाकटीला कुंकू लावलं, नारळ फोडला, आत बसल्या. आणि दार हलकेच वर उचलून मग ओढून घेतलं.

धाकटी चक्रावली. "आजी, माझं दार तर नीट लागतं! मग यांनी ते उचललं कशाला?"

धाकटी फाटकाबाहेर वळली, तेव्हा थोरलीला वाटलं, आपणही घरी चाललोय.