गिरिमल्लाचं बोट

"मग दोष कुणाचा, अप्पा? माझा?"

गिरिमल्लाने फोन चटईवर आपटला नाही, एवढंच. फोन महाग होता.

याच मठात, चन्नवीरअप्पांच्या पायाशी बसून, हा कानडी मुलखातला पोरगा मराठी शिकला होता. आता पुण्यात राहून त्याने मराठी शिकवणारं ॲप बनवलं होतं. लोक ते उतरवून घेत आणि पहिल्याच धड्यात पळ काढत. असंच चाललं तर सोमवारी कंपनी ॲपला टाळं लावणार होती.

"तुम्ही कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणा, ॲप उत्तम आहे. सीमाभागात तुमच्या शब्दाला वजन आहे."

"म्हणेन की. आधी तुंगव्वाला शिकू दे."

तुंगव्वा मठात स्वयंपाकाला होती. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाली होती; दवाखान्यात बोलण्यापुरती मराठी तिला हवी होती. पदराला हात पुसून तिने फोन घेतला.

पडद्यावर पोपट आला. त्याने तिला जीवनाचं ध्येय विचारलं, कानडीत.

तुंगव्वा पोपटाकडे बघत राहिली...

"अव्वा, इथं दाबायचं," म्हणत गिरिमल्लाचं बोट पुढे सरकलं.

अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"नुसतं दाखवतोय, अप्पा!"

"बस. ॲपलाच शिकवू दे."

तुंगव्वाने भलतीकडेच दाबलं. पोपट रडला. मग एक हत्ती आला आणि सफरचंद खाऊ लागला. गिरिमल्लाचा हात तडफडत होता. अप्पांचं वय त्यांच्या पकडीला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

"वरच्या कोपऱ्यात बाण आहे! आंधळ्यालाही दिसेल!"

तुंगव्वाने फोन पालथा ठेवला.

"बाळंत कोण होणार आहे? तुझा हत्ती?" ती कानडीत म्हणाली आणि उठली. "लेकीच्या कळा मी हातवारे करून सांगेन. तुझ्या पोपटापुढे नाही रडणार."

स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच वाजली.

"बघितलंत?" गिरिमल्ल उसळला. "हिला शिकायचंच नाही! ॲपमधली एक रेघ बदलणार नाही मी. तुम्ही हात धरला नसता, तर बोटाने दाखवून एका मिनिटात शिकवलं असतं!"

अप्पांनी त्याचा हात उजेडात धरला. उलटासुलटा करून पाहिला...

"हात उत्तम आहे, गिरिमल्ला. लाव कॅमेरा, तेवढं सांगतो."