दारासमोरची बाज

"गोळी तोंडात धरतो आणि माझी पाठ वळली की थुंकतो. आक्का, दुखणं कुणाला हवं असतं का?"

डॉक्टर निनाद भर उन्हातून आला होता. बस म्हटलं तरी बसला नाही, उभ्यानंच बोलला.

गजराक्का सुपात हुलगे निवडत होती. पस्तीस वर्षं तिनं याच वाडीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून काढली. बाळंतपणं केली, मरणाऱ्यांच्या उशाशीही बसली. डॉक्टरला इथं येऊन चार महिने झाले होते. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन बघायचं काम त्यानंच सुरू केलं होतं. काम चांगलं होतं. घमेंडही तेवढीच होती.

"कोण थुंकतो?"

"महिपती. कॅन्सर हाडात गेलाय. मोठ्या दवाखान्यानं घरी पाठवलं, आता बरं होणं नाही. निदान दुखू नये, झोप लागावी म्हणून गोळी देतो, तर दात आवळून पडतो. झोपत नाही. मी सगळं विचारलं. उदास वाटतं का, भीती वाटते का... कागदावर नऊ प्रश्न आहेत. नऊच्या नऊंना नाही म्हणाला."

"कागद हुशार हाय तुझा."

टोमणा त्याला कळला नाही. शिकलेल्या माणसाला उशिराच कळतो.

"बाज कुठं टाकलीय त्याची?"

"दारासमोर. तोंडावर ऊन येतं. आत सरकवू म्हटलं तर मला शिव्या दिल्या."

"दारातनं काय दिसतं?"

"काय दिसणार? अंगण. लिंब. विहीर."

गजराक्काचा हात सुपातच थांबला.

"विहिरीवर कोण जातं?"

"बायको जाते त्याची, अनुसया. पाण्याला."

"वाडीत नळ येऊन दोन वर्षं झाली. घागर नेती का संगं?"

डॉक्टर आठवू लागला. काल गेली होती. परवाही गेली होती.

"नाही... मोकळीच जाते." त्याचा आवाज खाली आला.

सूप कलंडलं. गजराक्का चपला न घालताच निघाली, डॉक्टर मागोमाग.

वाटेत सुंदराच्या दारात चुलीवर पिठलं रटरटत होतं.

"सुंदरे, ते घेऊन महिपतीकडं ये. भाकऱ्या पण आण. पळ!"

सुंदराच्या हातात पळी तशीच राहिली. माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही, तेव्हा शेजारणी पिठलं-भाकरी नेतात. माणूस जिवंत असताना नेणं म्हणजे मरणाला आवतण.

"आक्का, जिता हाय की तो अजून! लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू दे. चार दिवसांत त्या घरातनं धूर निघालेला बघितलास का?"

भिंतीला भिंत लागून घर सुंदराचं. बघितलं होतं, आणि दार लावून घेतलं होतं.

महिपती बाजेवर होता. घामानं ओला, जबडा आवळलेला. आलेल्यांकडं त्यानं पाहिलंही नाही. नजर दाराबाहेर.

अनुसया विहिरीच्या काठावर बसली होती. पाय आत सोडून.

डॉक्टर धावणार तेवढ्यात गजराक्कानं त्याचा दंड धरला. ती एकटीच गेली, सावकाश. अनुसयाच्या शेजारी टेकली आणि तिनं आपलेही पाय आत सोडले.

"अनुसये, जीव द्यायला बसलीस का?"

"आक्का!" डॉक्टर ओरडला. "असं तोंडावर विचारतात का?"

"मग कुणाच्या पाठीमागं विचारू?"

अनुसया पाण्याकडं बघत राहिली.

"रोज येऊन बसते, आक्का... रोज ते हाक मारतात. पाणी दे म्हणतात. नेऊन दिलं तर घोटभर पीत न्हाईत."

"मग उठतीस कशाला?"

"हाक आल्यावर उठायला नको?"

डॉक्टर बाजेकडं वळला. उशाशी तांब्या होता, काठोकाठ भरलेला.

"झोपलो तर..." महिपती दातातून बोलला, "झोपलो तर हाक कोण मारंल तिला?"

सुंदरा आली. पदराखाली टोपली, डोळ्यांत पाणी. गजराक्कानं अनुसयाला हाताला धरून उठवलं आणि बाजेसमोर बसवलं.

"खा."

"त्यांनी न्हाई खाल्लं..."

"तू खा."

अनुसयानं भाकरी मोडली. महिपती एकेक घास बघत होता, जणू त्याच्याच पोटात जात होता.

"आज मी हितं झोपणार," गजराक्का म्हणाली. "उद्या सुंदरा. परवा कोण ते गल्लीत आजच ठरवते. हितनं पुढं ह्या घरात एकटं कुणी न्हाई."

"गुरुवारी तालुक्याला मनाच्या दुखण्याचे डॉक्टर बसतात," निनाद हळूच म्हणाला. "वहिनींना मी घेऊन जातो."

महिपतीनं एकदा अनुसयाकडं पाहिलं. एकदा गजराक्काकडं.

"आणा ती गोळी."

यावेळी त्यानं गिळली. पापण्या मिटत, पुन्हा उघडत. मग मिटल्या त्या मिटल्या. जबडा सैल झाला आणि तो घोरू लागला.

डॉक्टरनं पिशवी उचलली. कागद बाहेर काढला नाही.

"आक्का, सकाळी येतो. आल्या आल्या त्याची नाडी बघतो."

"आधी तिला हाक मार," गजराक्का म्हणाली. "काम नसलं तरी."