साहेब कोणता अणू?

धुरीबाईंना रसायनशास्त्र शिकवायला मुलांचे हात पुरत. हायड्रोजन झालेल्यानं एक हात पुढे करायचा, ऑक्सिजननं दोन. निऑन कुणाशीच जुळत नाही, म्हणून त्यानं हात पाठीमागे बांधायचे.

तपासणीला आलेले रणदिवे साहेब पाठीमागे हात बांधून हे बघत होते. "वर्गात फुगड्या? बंद करा, असा शेरा लिहितो." मग ऑक्सिजन झालेल्या कस्तुरीला त्यांनी ऐटीत विचारलं, "मी कोण गं? सोनं?"

"निऑन, साहेब. आल्यापासून तुमचे हात मागेच आहेत."

बाईंचा चेहरा उतरला. पण कस्तुरीनं आपला रिकामा हात साहेबांपुढे धरला. "पाणी व्हायला एक हायड्रोजन कमी पडतोय."

साहेबांनी हळूच हात दिला. शेरा लिहायचा तोच हात होता.