मोरोबांनी न संपवलेला हुकूम

फार वर्षांपूर्वी, साहेबाचं राज्य होतं तेव्हा, जिल्ह्याच्या कचेरीत मोरोबा कर्णिक नावाचे शिरस्तेदार होते. शिरस्तेदार म्हणजे सगळ्या कारकुनांच्या वरचा कारकून. साध्या उमेदवार कारकुनापासून चढत चढत तिथवर पोचायला त्यांना तीस वर्षं लागली. साहेब येत आणि जात, कचेरी चालवत मोरोबाच, असं म्हणतात.

त्यांचा एक हट्ट होता. हुकूम ज्यांच्यावर निघाला, त्यांना तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवायचा. एकानं जरी अर्धवट ऐकला, तरी तो लागू नाही. आधीच्या साहेबांनीही हे मान्य केलं होतं.

मग एक नवा साहेब आला. त्यानं तांबसर गावच्या डोंगरावर बंगला बांधला, आणि बंगल्याच्या बागेला त्याला गावाचा एकुलता एक झरा हवा झाला. मोरोबांनी दोनदा विनवलं, "साहेब, गाव तहानेनं मरेल." साहेब कशाला ऐकतोय! उलट झरा बंगल्याकडे वळवायचा हुकूम काढून म्हणाला, "हुकूम तुम्हीच वाचून या."

मोरोबा गेले. झऱ्यापाशी उभे राहून गावाला हुकूम वाचून दाखवू लागले. तो संपत आला, तोच गोदाबाई घागर घेऊन आली.

"रावसाहेब, म्या तर आत्ताच आले. मला पैल्यापासनं सांगा की!"

मोरोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

झालं! गावाला एवढं पुरे होतं. हुकूम संपत आला की कुणीतरी नवं माणूस हजर. वाड्यावस्त्यांवरून लोक आले, म्हातारे खाटेवरून आले. कडेवरच्या तान्ह्या बाळासाठीसुद्धा मोरोबांनी पहिल्यापासून वाचलं. असे सात दिवस गेले, असं म्हणतात.

आठव्या दिवशी साहेब घोड्यावरून आला, रागानं लाल. मोरोबांनी मुजरा केला, म्हणाले, "साहेबही आत्ताच आले," आणि त्याच्यासाठीही पहिल्यापासून वाचू लागले. शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

तेव्हा कातळ हलला आणि झऱ्याचं पाणी दुप्पट झालं, असं म्हणतात. साहेबानं भोवतीच्या माणसांकडे पाहिलं, मोरोबांच्या हातातला कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. तो कागद पुन्हा कुणाला दिसला नाही.

मोरोबांचा आवाज काही परत आला नाही. मुका शिरस्तेदार कचेरीच्या काय कामाचा? तीस वर्षांची नोकरी गेली. त्यांना वाईट वाटलं नसेल, असं मी म्हणणार नाही. वाटलंच असेल हो.

आजही तांबसरच्या गावसभेत कुणी दुसऱ्यासाठी बोलायला उभं राहिलं, की आधी त्याच्या हातात झऱ्याच्या पाण्याचा तांब्या देतात. पाणी पिऊन होईतो सगळे गप्प बसतात. मग बाई असो की बाप्या, त्याला एवढंच म्हणतात, "बोला, मोरोबा."