हंड्यांची वॉर्डसभा

कुंभारवेशीत नळाला पाणी सकाळी नऊला येतं आणि तासाभरात जातं. नगराध्यक्ष घोलप वॉर्डसभा ठेवायचे तीही नेमकी नऊलाच! बायका नळावर, पुरुष कामावर, सभागृहात रिकाम्या खुर्च्या. मग "लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही," म्हणत घोलप हवा तो ठराव मंजूर करून मोकळे. आता तर पोरांचं मैदानच बिल्डरच्या घशात घालायचं चाललं होतं. वेशीतल्याच कलावती भोईटेंचं डोकंच फिरलं.

सभेच्या दिवशी घोलप आपले नगरसेवक घेऊन आले आणि दारातच थबकले. प्रत्येक खुर्चीवर एकेक हंडा आणि पुढे एकट्या कलाताई.

"बाई, हा काय तमाशा?"

"नळावर हंडा ठेवला की त्या घराचा नंबर लागतो, साहेब. बाया तिकडे बादल्या भरतायत, त्यांच्या जागी हे आलेत. मैदान द्यायला या सगळ्यांची हरकत आहे. घ्या लिहून."

घोलप खो खो हसले. मागे नगरसेवकही हसले. "अहो, मुक्या भांड्यांची मतं कुणी मोजतं का?"

कलाताईंनी नगरसेवकांकडे बोट दाखवलं. "यांनी पाच वर्षांत सभेत तोंड उघडलं नाही, तरी यांची मोजताच ना? आमचे हंडे निदान घरात पाणी तरी आणतात!"

सगळ्यांचं हसू जिरलं. हंड्यांची गोष्ट गावभर झाली आणि घोलपांना सभा पुन्हा, रविवारी संध्याकाळी घ्यावी लागली. त्या दिवशी माणसंच इतकी लोटली, की हंड्यांना जागा उरली नाही. मैदान पोरांचंच राहिलं.