जोरावर आणि वेशीचे भय

समुद्रकाठच्या एका नगरात परमुलखातून आलेला एक मुष्टियोद्धा राहत होता. त्याचे नाव जोरावर. त्याच्या डोंगराळ मुलखात पोट भरेना, म्हणून तो बायकोला, तारोला घेऊन इथे आला आणि ठोसे मारण्यावर नि खाण्यावर जगू लागला. दर जत्रेला झुंज होई आणि जोरावर जिंके. "डोंगऱ्याला भय ठाऊकच नाही!" असे लोक कौतुकाने म्हणत. लोकांचे काय, जो गप्प बसतो त्याला ते शूर समजतात.

खरे तर जोरावर भीतीने आतून पोखरला होता.

त्याचे असे झाले. तो नगरात नवा होता तेव्हा बेटांवरून आलेला एक योद्धा झुंज हरला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो बायकामुले, गाठोडी, अंथरुणे घेऊन वेशीबाहेर पडताना जोरावरने पाहिला. कोणी त्याला अडवले नाही. हरलेल्या परक्याला इथे थारा नाही, अशी जोरावरने मनाशी खूणगाठ बांधली. नव्या ठिकाणी आलेला माणूस तिथल्या रीतीभाती अशाच शिकतो, बघून बघून. विचारायची त्याला लाज वाटते. जोरावरला तर धास्ती वाटे. विचारले तर आपण भ्यालो हे कळेल, आणि भ्यालेल्या योद्ध्याला झुंजीला कोण बोलावणार? त्याने तारोलाही काही सांगितले नाही.

तारोला घरात जाते हवे होते. "शेजारणीकडे किती दिवस दळू?" ती म्हणे. तो नाहीच म्हणे. उद्या एवढा दगड पाठीवर कोण वाहून नेणार, हे मात्र बोलत नसे. दारावर थाप पडली की त्याला वाटे, आले राजाचे शिपाई.

एका झुंजीत त्याच्या डाव्या कानशिलावर ठोसा बसला आणि त्या बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काळा पडदा आला. तो हळूहळू पसरू लागला. जोरावरने ते लपवले. पण त्याचा वस्ताद धोंडजी काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. सरावात एक दिवस त्याने मुद्दाम डावीकडून हात उगारला. जोरावरची पापणीसुद्धा हलली नाही.

"तुला तिकडनं दिसत न्हाई," वस्ताद म्हणाला.

"दिसतं."

"गप. झुंज बंद. आधी वैद्य."

जोरावरच्या डोळ्यांपुढे वेस उभी राहिली. "रणबाशी झुंज जाहीर झाली आहे. माघार म्हणजे हारच. एवढी एक होऊ द्या, मग वैद्याकडे जातो."

त्या नगरात एक चाल होती. वस्ताद खांद्यावर पांढरा पंचा टाकून आखाड्याच्या कडेला बसे. आपल्या गड्याला आता मार सोसवत नाही असे दिसले, की तो पंचा आत फेकी आणि झुंज तिथेच थांबे. गडी हरे, पण धडधाकट घरी जाई. जोरावरने वस्तादाचे पाय धरले. "काही झालं तरी पंचा टाकू नका. माझ्या गळ्याची आण आहे तुम्हाला."

"हरण्याचं एवढं भ्या कशाचं रं?" वस्तादाने विचारले.

बोलून टाकायची हीच वेळ होती. "भ्या? आणि मला?" असे म्हणून जोरावर हसला. म्हाताऱ्याने नाइलाजाने मान डोलावली. तोही इथेच चुकला.

रणबा बंदरावरचा दांडगा हमाल होता. त्याला लवकरच कळले की समोरच्याची डावी बाजू आंधळी आहे. मग प्रत्येक ठोसा तिकडूनच येऊ लागला. जोरावरला हात दिसत नव्हता, फक्त तडाखा कळत होता. पुढचा कधी येईल या भीतीने तो जागचा हलत नव्हता. लोक ओरडत होते, "वा डोंगऱ्या! काय छाती आहे!" वस्तादाची बोटे पंच्यावर वळत होती, पण आण घातलेली. अखेर त्याला पाहवेना. आण मोडून त्याने पंचा फेकला. तोवर उशीर झाला होता.

वैद्याने डोळा तपासून मान हलवली. "दुखावला तेव्हाच आला असतास, तर वाचवला असता. आता उपाय नाही."

घरी येताच जोरावर तारोला म्हणाला, "गाठोडं बांध. आपल्याला जायचं आहे." ती घाबरली. का, कुठे, काही कळेना, पण तिने बांधले. सकाळी दोघे वेशीपाशी आले.

"कुठं निघालात पैलवान?" पहारेकऱ्याने विचारले.

"हरलो ना मी. हरलेल्या परक्याने नगर सोडायचं असतं."

"असं कोण म्हनलं?"

"तो बेटावरचा योद्धा गेला की."

"आवो, त्याचा बाप वारला हुता! घरची होडी चालवायला गेला त्यो. महाराज तर त्याला ऱ्हा ऱ्हा म्हनत हुते." पहारेकरी हसू लागला. "हरलेल्याला हाकलायचं म्हनलं, तर तुमचं धोंडजी वस्ताद कवाच भायेर गेलं असतं. कितींदा आडवं झालंत ते!"

तारोने डोक्यावरचे गाठोडे उतरवले. ती रडली नाही, संतापली. "एवढे ठोसे खाल्लेत, त्यांना भ्याला नाहीत. आणि एक गोष्ट विचारायला भ्यालात? निदान मला तरी सांगायचं होतंत!"

ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती. तिच्याकडे पाहायला त्याला सगळी मान वळवावी लागली.

तात्पर्य: मनातले भय वेळीच आपल्या माणसापाशी बोलून टाकावे. न विचारलेले भय खोटे निघाले, तरी त्याची किंमत खरीच मोजावी लागते.