रिकामा रकाना

"रिकामं म्हणजे नाही, असं कुणी ठरवलं?"

भैरूनं हा प्रश्न आधी तालुक्याच्या दवाखान्यात विचारला. त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं. जिल्ह्याच्यांनी कॉम्प्युटरवाल्या कंपनीकडे. कंपनीच्या माणसानं फोनवर सगळं ऐकून घेतलं, थोडा घुटमळला आणि म्हणाला, हे आमच्या हातात नाही, मिरजेला एक गट आहे, त्यांना विचारा.

आता मिरजेच्या नर्सिंग शाळेत लांबलचक टेबलाभोवती तो गट बसला होता आणि भैरू उभा होता. त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. बसा म्हटलं तरी तो बसत नव्हता.

गटाचं काम सांगायला सोपं होतं. एका दवाखान्यातून रुग्ण दुसरीकडे हलवला की त्याच्या आधी त्याची माहिती कॉम्प्युटरवरून पोचते. दोन्हीकडची यंत्रं वेगळी, कंपन्या वेगळ्या. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळावं म्हणून सगळ्यांनी एकच साचा मानलेला. त्या साच्यात कोणते रकाने असावेत, काय भरलंच पाहिजे, काय सोडलं तर चालेल, हे हा गट बघायचा. डॉक्टर, सिस्टरबाई, इंजिनियर असे सगळे जमायचे आणि एकेका शब्दावरून तासन् तास भांडायचे. बदल सुचवायला कुणालाही मुभा होती.

गटाचे प्रमुख डॉक्टर मुजावर. रुग्णांना भूल देण्यात हयात गेलेली. शिडशिडीत म्हातारा, बोलण्यात कंजूष. गटातली पोरं त्यांच्यामागं त्यांना फकीर म्हणायची आणि कुठं अडलं की त्यांच्याच तोंडाकडं बघायची.

भैरूनं सांगितलं ते असं.

त्याच्या दादाच्या, आनंदाच्या, पायावर उसाची ट्रॉली उलटली. तालुक्याच्या दवाखान्यानं पाय बांधून पुढं पाठवलं. औषधाच्या ॲलर्जीचा रकाना घाईत रिकामाच राहिला. साच्यात तशी सूट होती. जिल्ह्याच्या यंत्रानं रिकामं म्हणजे नाही असं धरलं आणि पडद्यावर दाखवलं, ॲलर्जी नाही. पेनिसिलिन दादाला चालत नव्हतं. लहानपणी त्या औषधानं घसा सुजून तो मरता मरता वाचला होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

इंजेक्शन दिलं तेव्हा भैरू टेम्पो लावायला गेला होता. वहिनी बाहेर बाकावर बसली होती, दादाच्या चपला मांडीवर घेऊन. भैरू परत आला तर आत धावपळ चाललेली...

पुढचं त्याला सांगता आलं नाही. त्यानं टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला कलंडला आणि केतकी दामलेच्या कागदांवर सांडला.

केतकी गटातली इंजिनियर. तिनं कागद उचलले नाहीत. हळू आवाजात म्हणाली की रकाना सोडला तर चालेल, एवढंच साच्यात आहे. सोडलेला कसा वाचायचा ते लिहिलेलं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या परीनं...

"म्हणजे कुणीच नाय ठरवलं?"

केतकीनं नकारार्थी मान हलवली. 

भैरूची मागणी एका वाक्याची होती. रकाना सोडायचाच नाही. सोडला तर यंत्रानं पुढं जाऊच द्यायचं नाही. आजच्या आज लिहा, म्हणाला, नाहीतर मी हितनं हलत नाही.

मुजावरांनी चष्मा काढला.

"यानं कुणाचा जीव जाईल?"

भैरूला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. गटातल्या सिस्टरबाईंनी त्याला समजावलं की हा इथला रिवाज आहे. बदल केवढाही असो, मांडणाऱ्यानं आधी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. त्याशिवाय चर्चा नाही.

"जीव गेलाय म्हणून तर आलोय," भैरू म्हणाला. "आता कुणाचा नाय जाणार."

"नक्की?"

"नक्की."

"मग त्या कॉम्प्युटरसमोर बस."

कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर होता. बदल मांडणाऱ्यानं तिथं बसून, माहिती भरणाऱ्या तालुक्याच्या कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवून, संदेश पाठवून दाखवायचा. हाही रिवाजच. केतकीनं भैरू म्हणाला तसा बदल त्यात करून दिला. भैरू सातवीत शाळा सोडलेला. पडद्यावरची अक्षरं बोट ठेवून वाचू लागला.

मुजावर उठले. सावकाश टेबलावर चढले आणि उताणे पडले.

"मी रस्त्यावर सापडलो. बेशुद्ध आहे. बरोबर कुणी नाही. गाडी दारात उभी आहे." त्यांनी डोळे मिटले. "पाठव."

भैरूनं नावाच्या जागी अनोळखी लिहिलं. वय अंदाजानं. मार डोक्याला. मग ॲलर्जीचा रकाना आला. खाली दोनच बटणं होती, आहे आणि नाही.

तो थांबला.

"रक्त चाललंय," सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

भैरूनं रकाना तसाच सोडून पुढं जायला बघितलं. यंत्र जाईना. पुन्हा दाबलं. जाईना. पडद्यावर लाल अक्षरं आली, रकाना भरा.

टेबलाच्या टोकाला एकानं बोटांनी ठोकायला सुरुवात केली. म्हणजे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

भैरू उठून मुजावरांकडं गेला. त्यांचा खांदा हलवला. "ओ सर. तुम्हाला कुठलं औषध सोसत नाय काय? ओ..."

म्हातारा हलला नाही. श्वासही दिसेना.

ठोकणं वाढलं. भैरूच्या कानशिलावरून घाम ओघळला. काही क्षण त्याला टेबलावर मुजावर दिसेनात. भलताच माणूस दिसू लागला, पाय बांधलेला.

तो धावत खुर्चीशी आला आणि बटण दाबलं.

ठोकणं थांबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, माहिती पोचली.

"काय दाबलंस?" मुजावरांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

भैरूनं मान खाली घातली.

"काय दाबलंस, बाळ?"

"...नाही."

मुजावरांनी एक डोळा उघडला. "मग मी जगलो की मेलो?"

भैरू खुर्चीत तसाच बसून राहिला. त्याचं बोट अजून त्या बटणावर होतं. ज्या कारकुनाला तो महिनाभर शिव्या घालत होता, त्याचा चेहराही त्यानं कधी पाहिला नव्हता. आता आपल्याला तो कसा दिसत असेल ते कळतंय असं त्याला वाटलं, आणि ते त्याला सहन होईना.

केतकी मात्र झटकन पुढं झाली. उपाय तिच्या डोक्यात आधीपासून असावा. रकाना सक्तीचा राहू दे, ती म्हणाली, पण तिसरं बटण देऊ. माहीत नाही. म्हणजे खोटं दाबावं लागणार नाही, आणि पलीकडचं यंत्र त्याला नाही असं वाचणार नाही. टेबलाभोवती माना डोलल्या. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. एकानं घड्याळ बघितलं. एक चांगला, सरळ बदल झाला होता, चहाच्या आधी.

मुजावर टेबलावरच उठून बसले, पाय खाली सोडून.

"यानं कुणाचा जीव जाईल?"

सगळे केतकीकडं बघू लागले. मुजावर भैरूकडं बघत होते.

"बदल तुझा आहे. आधी तू बोल."

भैरूनं पडद्याकडं बघितलं. कुणाचा नाही म्हटलं की काम झालं होतं. दादाच्या मरणाचा काहीतरी अर्थ लागला, असं गावात सांगता आलं असतं.

"दादाचाच जाईल," तो म्हणाला.

केतकीनं कपाळाला आठ्या घातल्या. "कसा?"

"त्या दिवशी हे बटण असतं तर त्यांनी हेच दाबलं असतं की, ताई. माहीत नाय. मग पुढच्यानं काय करायचं? रात्रभर वाट बघायची? तो इंजेक्शन देणारच." त्याचा आवाज चिरकला. "आन् माहीत होतं. मला होतं. वैनींना होतं. आमी बाहेर हुतो. कुणी हाकच मारली नाय. माहीत नाय, हे खोटं हाय. विचारलं नाय, हे खरं."



केतकीनं ओल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि नवीन लिहिलं. सिस्टरबाई तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाल्या की, विचारलं नाही हे बटण कारकुनाला दाबवणार नाही, तो विचारायला उठेल. कुणी म्हणालं, नाही उठणार, रोज दाबून सवय होईल. भांडण पेटायच्या बेतात होतं.

मुजावरांनी हात वर केला. सगळे गप्प झाले.

"विचारायचं कुणाला?"

"बरोबरच्या माणसाला," भैरू म्हणाला. इतकं सोपं म्हाताऱ्याला कसं कळत नाही, अशा तोऱ्यात.

"हं." मुजावर त्याच्याकडं रोखून बघत होते. "तुझ्याबरोबर कोण आलंय?"

"वैनी."

"कुठं आहे?"

भैरूची नजर दाराकडं गेली.

सकाळी एसटीतून उतरल्यापासून वहिनी एक शब्द बोलली नव्हती. दारापाशी तिनं आत यायला पाऊल उचललं होतं. तुम्ही बसा हितंच, मी बघतो काय ते, असं म्हणून त्यानं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. तिला काय म्हणायचंय ते विचारलं नव्हतं. मिरजेला यायच्या आधीही नव्हतं. दादा गेल्यापासून नव्हतं.

टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणी दाराकडं बघितलं नाही. सगळे त्याच्याकडं बघत होते.

तो उठला. जड पावलांनी दाराशी गेला आणि दार उघडलं.

बाकावर वहिनी होती. पाठ ताठ, पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. त्यानं तिला दवाखान्यात पाहिलं होतं, अगदी तश्शी.

"वैनी," तो म्हणाला.  "वैनी... आत या. तुमाला विचारायचंय."

ती लगेच उठली नाही. त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पदर सारखा करून आत आली.

ज्या खुर्चीत तो सकाळपासून बसला नव्हता, ती त्यानं टेबलापासून मागं ओढली, तिच्यासाठी धरून ठेवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला.

मुजावर टेबलावरून खाली उतरले. चष्मा घातला.

"आता बैठक सुरू करू."